फेमाच्या ॲप्रनचा उजवा पट्टा

माझी आई लोणची विकायची. ॲम्स्टरडॅमला, वॉटरलोप्लाइनच्या बाजारात, चर्चच्या भिंतीला पाठ लावून तिचा गाडा उभा असायचा. त्या चर्चचं नाव मोशे आणि अहरोन. चर्च कॅथलिकांचं, नावं आम्हा यहुद्यांची. आई तिथल्या पाद्रीबुवांना म्हणायची, "नावं आमची वापरताय, भाडं कधी देताय?" पाद्रीबुवा हसायचे आणि एक मोठी आंबट काकडी घेऊन जायचे. शुक्रवारी त्यांना मांस चालत नसे. "त्यांचा शुक्रवार आपल्या काकडीवर निभतो," आई म्हणायची, "आणि आपला शुक्रवार त्यांच्या शुक्रवारावर." शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, लागायचा, आणि त्या रात्रीचं जेवण या विक्रीतून व्हायचं.

तिचं नाव फेमा कोकरनोट. बुटकी, रुंद, आणि आवाज असा की कालव्यापलीकडच्या बाईनं खिडकी उघडून माल सांगावा. अंगात जाड निळा ॲप्रन, दोन्ही खांद्यांवरून पट्टे असलेला. उजव्या हातानं जन्मभर पिंपातून काकड्या उपसून तिचा उजवा खांदा उतरला होता. त्यामुळे त्या बाजूचा पट्टा सारखा घसरायचा आणि बोलता बोलता ती तो वर ओढायची.

"फेमा, कालची काकडी मऊ होती गं."

"सासूला दिलीस ना?"

"दिली."

"मग तक्रार सासूला करू दे." पट्टा वर.

तिचा धाकटा भाऊ, माझा गोम्पर्टमामा, पिंपं वाहायचा. तो वैतागायचा. "फेमा, त्या पट्ट्याला एक टाका घाल की."

"आणि मग या हाताला दिवसभर काय काम देऊ?"

एका गोष्टीवर मात्र ती खरंच चिडायची. एखादं गिऱ्हाईक घाईत म्हणालं, "कुठलंही दे गं, लोणचं म्हणजे लोणचं," की ती हातातला डाव खाली ठेवायची. मिठातलं वेगळं, व्हिनेगरातलं वेगळं, शेपू घातलेलं वेगळं, कांद्याचं तर जगच निराळं, असं सगळं ऐकवून झाल्याशिवाय त्या माणसाला माल मिळत नसे. पुढे तिनं स्वतःच जी चूक केली ती आठवली की मला हे आधी आठवतं.

बाबांचं नाव हार्टोग. ते हातगाडीवर संत्री विकायचे. बोलायचं सगळं खातं आईकडे होतं, बाबांच्या वाट्याला 'संत्री' एवढा एकच शब्द आला होता, आणि तो ते फार गोड म्हणायचे. घरात मी, युडिक, नऊ वर्षांची, आणि माझा भाऊ लेव्ही, तीन वर्षांचा. वर दोन खोल्या, खाली डोरामावशी. डोरामावशी कॅथलिक. चर्चमध्ये मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण खरवडायचं काम करायची आणि त्या मेणातून घरी स्वतःच्या मेणबत्त्या ओतायची. "देवाचंच मेण, देवालाच परत," म्हणायची, आणि विकायची आम्हाला.

मग जर्मन आले. आधी बाजाराला कुंपण पडलं, आत फक्त आम्ही. मग छातीवर पिवळा तारा आला. बेचाळीस सालच्या वसंतात बाबांना ड्रेंटच्या छावणीत खोदकामाला नेलं. उन्हाळ्यात घराघरांतून माणसं बोलावली जाऊ लागली, पूर्वेकडे कामाला म्हणून. गेलेल्यांपैकी कोणी परत येऊन सांगत नव्हतं की काम काय आहे. आई काकड्या उपसता उपसता गप्प व्हायला लागली, आणि बाजारात लोक एकमेकांना विचारायला लागले, फेमाला काय झालंय.

ऑगस्टच्या शेवटी आमच्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीनं एक मुलगी घरी आली. कॉलेजात शिकणारी, चष्मेवाली, ख्रिस्ती. ती मुलांना शहराबाहेर नेऊन लोकांच्या घरी लपवायची. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "एक जागा आहे. मुलीसाठी."

"आणि हा?" आईनं लेव्हीला पुढे ढकललं. "हा तर लहान आहे. कपाटात मावेल."

मुलीनं चष्मा काढून पुसला. "मुलगा आहे, फेमाबाई. चड्डी काढली की कोणालाही कळेल."

"आठव्या दिवशी आम्हीच केली त्याची सुंता," आई म्हणाली. "चाळीस माणसं जेवली होती."

लेव्ही त्या मुलीच्या सायकलच्या किल्लीशी खेळत होता.

"तुम्ही तरी लपाल का?" मुलीनं विचारलं. "तुमच्यासाठी बघते."

"आणि हार्टोग? मी नाही सापडले तर ते त्याला धरतील. आणि याला कोणाकडे टाकू?" आईनं लेव्हीच्या हातातून किल्ली काढून तिला परत दिली. "हिला कुठे नेणार?"

"ते मला सांगता येत नाही. घर ख्रिस्ती आहे, माणसं चांगली आहेत. हिला मात्र तिथे ख्रिस्ती म्हणून खपता आलं पाहिजे. एक चूक झाली तर हीच नाही, ती माणसंही जातील. पुढच्या पंधरवड्यात न्यायला येते."

"खपेल," आई म्हणाली.

"शिकवणार कोण?"

"मी. लग्न झाल्यापासून चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे मी."

मुलगी गेल्यावर आईनं जिन्यातून खाली हाक मारली. डोरामावशी वर आली, आणि आमच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली.

"कुठे पाठवतायत?" डोरामावशीनं विचारलं.

"ख्रिस्ती घरी."

"कसल्या ख्रिस्ती?"

"कसल्या म्हणजे? ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती."

बोलली ती. लोणच्याच्या बाबतीत जे कोणाला बोलू दिलं नसतं ते. आमच्या गल्लीत ख्रिस्ती म्हणजे डोरामावशी, पाद्रीबुवा आणि मोशे-अहरोनचा घंटानाद. दुसऱ्या प्रकारचे ख्रिस्ती काकडी घ्यायला येत नसत, निदान आपण कुठल्या प्रकारचे हे सांगून तरी येत नसत.

डोरामावशीला फरक ठाऊक होता, पण तिनंही हात उडवला. "आमचेच असणार. प्रोटेस्टंट कशाला ठेवून घेतील? ते चहाबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण लावतात."

मग तिनं मला 'नमो मरिया' ही त्यांची प्रार्थना पाठ करायला दिली आणि क्रूसाची खूण दाखवली. माझा हात भलतीकडेच जायचा. एकदा उजवा खांदा आधी, एकदा छाती राहून जायची. डोरामावशी वैतागली. "देवा, या पोरीला डावं-उजवं कळत नाही."

"थांब," आई म्हणाली. तिनं माझा हात हातात घेतला. तिच्या बोटांना व्हिनेगरचा वास होता. तो साबणानं कधी गेला नाही. "युडिक, माझ्याकडे बघ. मी गाड्यावर उभी राहते तेव्हा काय करते? कपाळावरचा घाम पुसते." माझी बोटं माझ्या कपाळाला. "मग ॲप्रन सारखा करते." छातीवर. "मग डावा पट्टा." डावा खांदा. "मग उजवा पट्टा." उजवा खांदा, आणि तिथे तिनं माझ्या हातानं माझा फ्रॉक हलकेच वर ओढला. "घाम, ॲप्रन, पट्टा, पट्टा. कर."

मी केलं. एकदाही न चुकता.

डोरामावशी बघत राहिली. "फेमा, शेवटी ती ओढ कशाला? क्रूसाला ओढ नसते."

"घसरतो म्हणून."

"तिच्या अंगात पट्टाच नाही."

"असू दे गं. तेवढ्यानं तिला येतंय ना?"

ओढ राहिली.

लेव्ही टेबलाखालून सगळं बघत होता. त्यानंही शिकून घेतलं. शनिवारी आम्ही रीतीप्रमाणे भट्टीवाल्याकडे आमचं भांडं आणायला गेलो. शुक्रवारी दुपारी सगळ्या घरांची भांडी त्याच्या भट्टीत जायची आणि शब्बाथला घरी चूल न पेटवता गरम जेवण मिळायचं. भट्टीवाल्यानं आमचं भांडं समोर ठेवलं, झाकणाच्या फटीतून नासपतीचा गोड वास आला, आणि लेव्हीनं सगळ्यांदेखत कपाळ, छाती, खांदा, खांदा केलं. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

"याला खाज सुटलीय," आई म्हणाली.

"कसली?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"पिसवांची. तुमच्याकडे येऊन गेल्यात का?"

लोक हसले, पण कोणी मोठ्यानं नाही. त्या दिवसांत घरोघरी पोरं काहीतरी नवीन पाठ करत होती. सगळ्यांना कळलं होतं.

डुकराच्या मांसाचा धडा सगळ्यांत शेवटी आला. डोरामावशीनं ॲप्रनखाली लपवून एक काप आणला. आईनं तो ताटात घेतला नाही, भांडी बाटतील म्हणून. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि काप त्यावर ठेवला. मी बघत राहिले. तो काहीच करत नव्हता, नुसता पडला होता.

"ते जे वाढतील ते खायचं," आई म्हणाली. "विचारायचं नाही, थांबायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. पाप लागलं तर ते माझ्या नावावर. कळलं?"

"आधी तू खा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बोटभर तुकडा तोडून तोंडात टाकला आणि चावला. डोरामावशीनं नजर खिडकीकडे वळवली, जणू कोणी कपडे बदलत होतं.

"खारट आहे," आई म्हणाली. "बस? एवढ्यासाठी आपण इतकी हजार वर्षं वाद घातला?" मग मला भरवला. त्यानंतर ती खूप वेळ मोरीपाशी तोंड धूत उभी होती.

न्यायला यायच्या सकाळी तिनं मला हिरव्या साबणानं घासून काढलं. "ख्रिस्ती मुलीला लोणच्याचा वास येत नसतो." मग डोक्यावर भाजी निथळायची चाळणी घातली आणि खुर्चीवर बसली. चाळणी घातली की ती जर्मन शिपाई व्हायची.

"नाव?"

"योहाना."

"आई?"

"आजारी आहे. म्हणून मला गावी पाठवलंय."

"तारा कुठाय?"

"कसला तारा, साहेब?"

"हं." चाळणीखाली तिचे डोळे दिसत नव्हते. "फेमा कोकरनोट कोण?"

हा प्रश्न आधीच्या कुठल्या तालमीत नव्हता.

"मी विचारतोय. फेमा कोकरनोट. बाजारात लोणची विकते. ओळखतेस?"

"नाही," मी म्हणाले.

"परत सांग."

"नाही ओळखत."

"शाब्बास." तिनं चाळणी काढली, उठली, आणि कपाटातल्या बरणीतून शेपूची एक छोटी काकडी काढून माझ्या तोंडात कोंबली. साबणाचा सगळा खटाटोप वाया गेला. तेव्हाच खाली सायकलची घंटा वाजली.

पुढचा प्रवास आगगाडीचा. चष्मेवाली माझ्याशेजारी बसून विणत होती. आम्ही उत्तरेला फ्रीसलंडला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. सगळीकडे सपाट हिरवं, गाई आणि वारा. शेतावरच्या घराच्या दारात रेन्स्के नावाची उंच, हाडकुळी बाई उभी होती. तिनं मला आत ओढलं, चष्मेवालीला तशीच परत पाठवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "घरात पाहुणे आहेत. आजच आलेत. मी मामी, तो डाउवेमामा. तू जास्त बोलू नकोस."

पाहुणे म्हणजे रिंके. त्यांच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या चर्चचे, एक वडील; नात्यातले नव्हे, चर्चचा कारभार बघणारे ज्येष्ठ. हे लोक प्रोटेस्टंट, आणि त्यातही कडक. त्यांच्यात वर्षातून एकदा मंडळीचे वडील घरोघर येऊन श्रद्धेची विचारपूस करतात. रिंके वडील वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या पोटात काही राहत नसे, आणि रोज सकाळी ते गावच्या कचेरीसमोरच्या बाकावर बसत. कचेरीत जर्मनांनी बसवलेला नगराध्यक्ष होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त पांढऱ्या भुवया दिसल्या.

"ही कोण?"

"योहाना," मामी म्हणाली. "डाउवेच्या चुलत बहिणीची. शहरात खायचे वांधे आहेत म्हणून आणलीय."

"कुठली चुलत बहीण?"

"लांबची."

"लांबची म्हणजे किती? डाउवेच्या थोरल्या काकाला सगळे मुलगे. मधला बिनलग्नाचा गेला. धाकट्याला एक मुलगी, आन्के. ती शहरात गेली ती परत आली नाही."

"तीच ती."

"तिचं लग्न झालं?"

"झालं."

"कोणाशी? मंडळीत तर कळवलं नाही कोणी." ते माझ्या केसांकडे बघत होते. "आणि तुमच्या घराण्यात असे काळेभोर केस मी तरी कोणाचे पाहिले नाहीत. तुझ्या आजोबांपासून ओळखतो मी सगळ्यांना, डाउवे."

डाउवेमामा भाकरी कापत होते. सुरी थांबली. मामीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. एवढं मलाही कळलं की त्यांनी ठरवून ठेवलेली गोष्ट फार लहान होती आणि ती आता संपली होती.

"आधी जेवून घेऊ," डाउवेमामा म्हणाले.

टेबलावर काळी भाकरी, ताकातली खीर आणि माझ्या ताटात डुकराच्या मांसाचा काप. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, तुला ओळखते मी. सगळ्यांनी हात जुळवले. मला वाटलं, आता माझी पाळी. आता यांना दाखवायचं की मी अस्सल आहे. मी पाठ ताठ केली आणि आईनं शिकवल्याप्रमाणे सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असं, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा केलं. शेवटी ओढ दिली.

डाउवेमामांची प्रार्थना लांबलचक होती. आमेन म्हटल्यावर कोणी चमचा उचलला नाही.

"हे काय होतं?" रिंके वडील म्हणाले.

"काय?" मामी.

"या पोरीनं पोपवाल्यांची खूण केली. या टेबलावर."

"केली का?" मामी हळू आवाजात म्हणाली. "प्रार्थनेच्या वेळी आमचे डोळे मिटलेले असतात."

डाउवेमामांना खोकला आला. वडिलांचे कान लाल झाले.

"माझे क्षणभर उघडले."

"माझीच प्रार्थना लांबली असेल," डाउवेमामा म्हणाले.

मी चुकले होते, आणि काय चुकलं तेच मला कळत नव्हतं. मी मामीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. आधी माझ्या हाताकडे, मग केसांकडे. मग तिनं सुरी खाली ठेवली आणि ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. मोठेपणी मी पुष्कळ नाटकं पाहिली. त्या तोडीचं काम मला परत दिसलं नाही.

"आता तुम्ही पाहिलंच आहे," ती म्हणाली, "तर काय लपवू? आन्केनं तोंडाला काळं फासलं हो आमच्या. दक्षिणेकडचा एक कॅथलिक धरला. खाणकामगार. पळून जाऊन लग्न केलं. ही त्यांची."

वडील मागे टेकले. "म्हणून नाव घेत नव्हतात तुम्ही."

"कुठल्या तोंडानं घेणार?"

"बाप काळा असेल."

"काळा, आणि कुरळ्या केसांचा."

"असतातच दक्षिणेकडे. तिथे स्पॅनिश लोक राहून गेलेत," वडील म्हणाले. बाकीची गोष्ट त्यांनी स्वतःच पुरी केली. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळहात खरबरीत आणि उबदार होता. "पोरी, ही खूण तुला तुझ्या आईनं शिकवली?"

तालमीत हे नव्हतं. पण उत्तर मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "आईनं."

त्या टेबलावर त्या दिवशी बोललं गेलेलं तेवढंच खरं.

"मी कोणाला बोलणार नाही," वडील म्हणाले, आणि रविवारपर्यंत सगळ्या गावाला कळलं की डाउवेची आन्के पोपवाल्यांत गेली. बायका मला अंडी आणून द्यायच्या आणि च् च् करायच्या. लोकांना घरातलं एक झाकलेलं पाप सापडलं होतं, त्यामुळे दुसरं शोधायला कोणी गेलं नाही. खरी आन्के कुठे होती कोणास ठाऊक. बिचारीला न विचारता आम्ही तिचं लग्न लावून दिलं.

पाहुणे गेल्यावर मामीनं दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "आम्ही कॅथलिक आहोत असं कोणी सांगितलं तुला?"

"आई म्हणाली, ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती."

ती हसायला लागली. आवाज न करता, पोट धरून. मग डाउवेमामा म्हणाले, "हे बघ, योहाना. आमच्यात ही खूण करत नाहीत. हे लक्षात ठेव. आणि चारचौघांत, विशेषतः वडिलांसमोर, अधूनमधून विसरत जा."

मी अडीच वर्षं विसरत गेले. रिंके वडील दर बुधवारी मला स्तोत्रं शिकवायचे, दावीद राजाची, म्हणजे आमचीच. मधेच माझा हात कपाळाकडे गेला की ते डोळे मिटून उसासा टाकायचे. मामी ओरडायची, "परत?" आणि पाठ वळवून हसायची. एकदा तिनं विचारलं, "शेवटी खांद्याला ओढ का देतेस गं? कॅथलिकसुद्धा देत नाहीत." मी म्हणाले, पट्टा घसरतो म्हणून. तिनं माझ्या बिनपट्ट्याच्या झग्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. पण घरात कोणी नसताना, कोणाला दाखवायचं नसतानाही माझा हात जायचा. चाळणीवाल्या शिपायाला मी सांगितलं होतं, फेमा कोकरनोटला ओळखत नाही म्हणून. हाताला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात मी परत आले. आमच्या वरच्या दोन खोल्यांचं, अगदी जिन्याचं लाकूडसुद्धा उरलं नव्हतं. कडाक्याच्या हिवाळ्यात लोकांनी जाळायला नेलं होतं. डोरामावशी खालीच होती, निम्मी झालेली. तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत सांगते.

"तू गेलीस आणि महिन्याभरात पोलीस आले. ऑक्टोबरात. म्हणाले, नवऱ्याकडे नेतो, कुटुंब एकत्र करतो. फेमानं लेव्हीला दोन कोट घातले, एकावर एक. मी जिन्यात उभी होते. त्या पोलिसाला बघून लेव्हीनं काय करावं? क्रूसाची खूण केली. नीट, सावकाश. मी म्हटलं, मेलं आता पोर. तो पोलीस आपल्याच इथला, तो म्हणाला, हे काय? तर फेमा म्हणाली, काही नाही साहेब, आईसारखा ॲप्रन सारखा करतोय. आणि आपला पट्टा वर ओढून दाखवला. तो हसला गं. हसला आणि घेऊन गेला."

बाबा त्यांना भेटले का, हे आम्हाला कधी कळलं नाही. एवढंच कळलं की तिघंही त्याच शरद ऋतूत पोलंडला, ऑशविट्झला गेले. ड्रेंटच्या छावणीतल्या सगळ्यांचं तसंच झालं होतं.

आपली चूक चालून गेली, किंबहुना चूक होती म्हणूनच चालली, हे आईला कळलं नाही. कळलं असतं तर काय म्हणाली असती, ते मला माहीत आहे. माल चुकीच्या गिऱ्हाइकाच्या घरी गेला, तरी परत आला नाही ना, मग झालं.

परत आलेल्यांत गोम्पर्टमामा होता. एकटा, दुसऱ्याच्या कोटात. त्याला एक खोली मिळाली आणि त्यानं मला डोरामावशीकडून नेलं. पहिल्या शुक्रवारी त्यानं डोरामावशीच्याच दोन मेणबत्त्या लावल्या. भाकरी होती, वाइन नव्हती, म्हणून पेल्यात चहा. त्यानं पेला उचलला आणि शब्बाथचा आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. त्याचा आवाज फाटत होता. मी हात जुळवून बसले होते, आणि माझा हात उठला. कपाळ, छाती, खांदा, खांदा.

मामा थांबला. पेला तसाच हातात.

"हे त्या शेतावरच्या लोकांनी शिकवलं?"

"नाही."

"अडीच वर्षं ठेवून घेतलं तुला. शिकवलं असेल. मला राग नाही, पण या टेबलावर नको, युडिक. आपण उरलोयच किती."

"त्यांच्यात करत नाहीत हे. हे आईनं शिकवलं."

"फेमानं?" त्यानं पेला खाली ठेवला. "फेमानं तुला क्रूस शिकवला?"

"हो."

त्यानं मेणबत्तीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दाखव कसा ते."

मी उठून त्याच्याजवळ गेले. त्याचा हात हातात घेतला. पिंपं वाहून जाड झालेला तो हात आता हलका झाला होता. त्याची बोटं त्याच्या कपाळाला लावली. "घाम पुसते," मी म्हणाले. मग छातीवर. "ॲप्रन सारखा करते. डावा पट्टा. उजवा पट्टा." आणि तिथे त्याच्याच बोटांनी त्याचा कोट खांद्यावर वर ओढला.

मामाचा हात तिथेच राहिला. कोटाची शिवण त्यानं चिमटीत धरून ठेवली.

"किती वेळा सांगितलं होतं तिला," तो म्हणाला, "एक टाका घाल म्हणून."

मग त्यानं दुसऱ्या हातानं पेला उचलला आणि आशीर्वाद पहिल्यापासून सुरू केला.